बरा झालेला गुडघा लपविल्याबाबत

प्रति,
मा. विभाग नियंत्रक,
राज्य परिवहन, सोलापूर विभाग,
सोलापूर.

अर्जदार : श्रीमती दानम्मा गुरुबसप्पा कोनापुरे, वय ५८, राहणार बाळीवेस, सोलापूर.

विषय : मुलगा विरुपाक्ष, कंडक्टर, यास आईच्या आजारपणास्तव दिलेली मुदतवाढ रद्द करून कंडक्टर मायाप्पा यास बार्शीहून परत आणण्याबाबत.

संदर्भ : विरुपाक्षचा दि. ६ मार्च १९७८ चा मुदतवाढीचा अर्ज.

महोदय,

संदर्भातील अर्ज विरुपाक्षने केला, पण त्यातले खोटे अर्जदार हिचे आहे. त्यास ते ठाऊक नव्हते. म्हणून हा अर्ज शेजारचे रेवणप्पा मास्तर यांचेकडून लिहविला आहे.

१. अर्जदार हिच्या उजव्या गुडघ्याचा आतल्या बाजूचा निम्मा सांधा झिजला होता. गेल्या सप्टेंबरात येथील एका दवाखान्यात मुंबईहून आलेल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तेवढ्या भागात धातूचा सांधा बसविला. विरुपाक्ष तेव्हा बार्शी डेपोस होता. घरी दुसरे कोणी नाही. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी त्याला बजावले, की गुडघा रोज दोन वेळा वाकवून घेतला नाही तर आखडेल आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल. त्यावर आपण कृपावंत होऊन त्यास सहा महिन्यांसाठी सोलापुरास आणले व त्याच्या जागी येथील मायाप्पा यास बार्शीस पाठविले.

२. विरुपाक्षने सेवेत कसूर केली नाही. ड्यूटीवर जाण्याआधी आणि आल्यावर तो आईची टाच हातात धरून पाय वाकवी. ती कण्हली की थांबे, जरा वेळाने पुन्हा वाकवी. दिवाळीत कुबड्या सुटल्या. संक्रांतीला काठीही सुटली, पण हे अर्जदार हिने कोणास कळू दिले नाही. मुलगा कामावर गेला की ती घरभर मोकळी फिरे, स्टुलावर चढून फळीवरचे डबे काढी. त्याची सायकल दारात वाजली की काठी हाती घेई. यजमान गेल्यापासून सात वर्षे ती एकटी जेवत आली होती. मुलगा समोर बसून भाकरी मोडू लागला आणि बरे झाल्याचे तिच्या तोंडून निघेना. मार्चमध्ये त्याने विचारले, "अव्वा, खरं सांग, अजून दुखतंय का?" ती म्हणाली, "लई दुखतंय रे." तेवढ्यावर त्याने मुदतवाढ मागितली.

३. गेल्या सोमवारी ती एकटीच तपासणीस गेली. मुलगा बरोबर नव्हता, तरी सवयीने काठी टेकीत, लंगडत गेली. बाकावर एक म्हातारा पाय ताठ करून बसला होता. हिला लंगडताना पाहून तो भिंत धरून उठला व आपली जागा तिला दिली. तो ज्ञानू, मायाप्पाचा बाप. एप्रिलमध्ये पडून त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. शस्त्रक्रिया झाली, परंतु घरी पाय वाकवून घेणारे कोणी नसल्याने गुडघा आखडला.

"पोरगा बार्शीला हाय," तो म्हणाला. "हितं बदली मागितली, पर सप्टेंबरपतोर जागा न्हाय म्हणत्यात. कुणाची तरी आई अंथरुणाला खिळलीया, तिचं पोरगं हाय त्या जागंवर. आई म्हणल्यावर आपून काय बोलायचं?"

अर्जदार त्याच्या जागेवर बसून राहिली. तो तासभर उभा होता.

४. त्याच दिवशी संध्याकाळी तिने विरुपाक्षला सर्व सांगितले. तो ताटावरून उठला, हात धुतले आणि म्हणाला, "मायाप्पाला मी काय तोंड दाखवू?" तेव्हापासून तो घरात बोलत नाही. ट्रंक भरून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी ती काठीवाचून ज्ञानूच्या घरी गेली आणि ती आई आपणच, असे सांगितले. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "चालून दावा." ती चुलीपर्यंत गेली व परत आली. "ब्येस चालताय की," असे म्हणून त्याने तोंड भिंतीकडे वळवले. मायाप्पा येईपर्यंत रोज येऊन पाय वाकवून देते, असे ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला, "नगं. माझा पोरगा करंल."

५. डॉक्टरांचे म्हणणे, की महिन्याभरात मेहनत घेतली तर ज्ञानूचा गुडघा थोडाफार सुटेल. त्यापुढे आशा नाही. सप्टेंबर फार लांब आहे. तरी विरुपाक्षला आजच बार्शीस पाठवून मायाप्पाला मोकळे करावे. विरुपाक्षच्या नावावर ठपका ठेवू नये. रेवणप्पा मास्तरांनी 'गैरसमजुतीने' असा शब्द घातला होता. अर्जदार हिने तो खोडावयास लावला. ती खोटे बोलली, असेच दप्तरी राहावे.

आपली व मायाप्पाची अपराधी,
दानम्मा गुरुबसप्पा कोनापुरे
(सही कानडीत)

सोलापूर, दि. १३ जुलै १९७८

सोबत : गुडघा पूर्ण बरा असल्याचा डॉक्टरांचा दाखला, दि. १० जुलै १९७८.