घंटेपाशी बसणारी

प्रिय आई,

अक्षर मुद्दाम टपोरं काढलंय, म्हणून पाकीट जाडजूड दिसेल. आत फक्त मीच आहे. अकरा दिवस झाले, तू आम्हा तिघाही भावंडांशी बोलत नाहीस. फोन केला तर तू कट करतेस. पत्र निदान कट तरी करता येत नाही.

आधी माझी ऑफिसातली फजिती ऐक. आमचा प्रोग्रॅम म्हणजे एका खोलीत आठ जण कामाला बसलेत असं समज. त्यांना आम्ही थ्रेड म्हणतो. सगळ्यांत मिळून कपाट एक, किल्ली एक. बाहेरून 'आता आवरा' असा सिग्नल आला की आठांपैकी जो सापडेल तो हातातलं काम अर्धवट टाकून कपाटाकडे धावतो. पण कधी कधी किल्ली त्याच्याच खिशात असते, आणि हा शहाणा किल्ली कोणी आणून देईल म्हणून कपाटासमोर ताटकळत बसतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा. कधी असा अडकायचा, तर कधी अर्धवट कामात पाय अडकून सगळा प्रोग्रॅमच कोसळायचा.

तीन आठवडे शोधून शेवटी मी आठही जणांना बजावलं, सिग्नलकडे लक्षच द्यायचं नाही. कोसळणं थांबलं. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. संध्याकाळी प्रोग्रॅम बंद करायला गेले, तर तो बंदच होईना! सिग्नल दारात उभा आणि आत सगळे मान खाली घालून कामात. साहेबांनी स्वतः टेबलाखाली शिरून वायर उपटली. बाहेर येताना डोकं आपटलं ते वेगळंच.

तेव्हा तुझं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. तुमच्याकडे एक बाई नुसती घंटेपाशी बसायची. सगळ्या तिला बिनकामाची म्हणायच्या, आणि ती रजेवर गेली की साऱ्यांची तारांबळ उडायची. मी तसाच नववा थ्रेड ठेवला. त्याने फक्त सिग्नलची वाट बघायची, आणि तो आला की बाकीच्यांना हातातलं काम संपवून किल्ली जागेवर ठेवायला सांगायचं. चार दिवस सगळं सुरळीत चाललंय.

आणि त्या नवव्याला बसवताना मला आपला ग्रुप दिसला गं. 'गुरुवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन, कोणीतरी या,' असं तू लिहिलंस. तिघांनीही लगेच अंगठा पाठवला. दादाला वाटलं ताई जाईल, ताईला वाटलं मी जाईन, मला वाटलं दादा जाईल. संध्याकाळी तू डोळ्यावरच्या पट्टीचा फोटो टाकलास, खाली एक शब्द नाही. परवा मी दुसऱ्या डोळ्याची तारीख विचारायला दवाखान्यात फोन केला, तेव्हा नर्सने सांगितलं की तू तिच्याकडून तीन खुर्च्या मांडून घेतल्या होत्यास. आई, मला फार लाज वाटली. दादाला आणि ताईला मी सांगून टाकलंय, यापुढे तुझ्या घंटेपाशी मी बसणार. सोमवारच्या ऑपरेशनसाठी रविवारी दुपारीच पोचते, रजा मंजूर झालीय. नर्सला या वेळी एकच खुर्ची मांडायला सांग.

तुझीच,
धाकटी