जमीन गोठायच्या आत

१० सप्टेंबर २०१७, रविवार
आलो एकदाचे! सहा वर्षं कनाटा उपनगरातल्या कॉन्डोत काढल्यावर आज स्वतःचं अंगण. ओटावाच्या पश्चिमेला पाऊण तासावर, शेतांच्या मधोमध पांढरं लाकडी घर, मागे भाज्यांचे वाफे, सफरचंदाची दोन झाडं. रविकांत म्हणाला, जयंती, हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना हाच उत्साह दाखव. मी म्हटलं, बघशील.

१७ सप्टेंबर
रस्त्यापलीकडच्या डोरीनबाई सगळं शिकवून गेल्या. ऐंशीच्या घरात आहेत, पण हात भराभर चालतात. फ्रॉस्टच्या आधी हिरवे टोमॅटो उतरवायचे, डेलियाचे कंद काढून बेसमेंटमध्ये ठेवायचे, पन्हळीतली पानं काढायची, बाहेरच्या नळाचं पाणी बंद करायचं. लसूण मात्र ऑक्टोबरात लावायचा, शेंडा वर, त्यावर पेंढा. सगळं लिहून घेतलं. हिरव्या टोमॅटोची दाण्याचं कूट घालून चटणी केली, त्यांना वाटीभर दिली. त्यांनी ती टोस्टला लावून खाल्ली!

२३ सप्टेंबर
मागच्या वाफ्यात खड्डा. लांबट, कडा सुरीने कापल्यासारख्या, माती एका बाजूला नीट रचलेली. मला वाटलं रविकांतने लसणासाठी खणला, त्याला वाटलं मी. गंमत म्हणून तो आत आडवा झाला. पाय मावेनात. "तुझ्या मापाचा आहे गं," म्हणाला आणि हसता हसता पटकन बाहेर आला. दोघांनी मिळून बुजवला.

२७ सप्टेंबर
परत आहे. आधीपेक्षा खोल. रविकांत ऑफिसला गेलेला, घरात मी एकटी. चहा टाकला तेव्हा तिथे सपाट वाफा होता. चहा गाळेपर्यंत हे.
डोरीनबाईंना बोलावलं. त्या कुंपणापाशीच थांबल्या. म्हणाल्या, इथली जमीन हिवाळ्यात लोखंडासारखी होते; पूर्वी ज्यांचा हिवाळा निघणार नाही असं वाटे, त्यांची दफनाची जागा लोक आधीच खणून ठेवत. हा खड्डा कोण खणतं, ते त्यांना ठाऊक नाही. पण या घरातल्या आधीच्या बाईंनाही इथेच दिसला होता. त्यांनी तीनदा बुजवला. जानेवारीत त्या गेल्या.

१ ऑक्टोबर
घर सोडलं. कनाटाला ऊर्मीकडे आलो, माझी पुण्यापासूनची मैत्रीण. तिची चार वर्षांची साक्षी मला बिलगली. "मावशी, आर यू स्टेइंग फॉरएव्हर?" आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

४ ऑक्टोबर
ऊर्मीच्या बॅकयार्डमध्ये — झोपाळ्याखाली. लहान आहे. जेमतेम माझ्या कमरेइतका लांब. साक्षी त्यात बसून बाहुलीला माती भरवत होती. ऊर्मी किंचाळली. मी नाही. मला माप कळलं होतं.

५ ऑक्टोबर
ऊर्मीने बुजवला. दुपारी परत. साक्षीला ताप, एकोणचाळीस सेल्सिअसच्या वर. डॉक्टरांना काही सापडत नाही.
मीच घेऊन आले हे. माझ्या मागून आलं.

६ ऑक्टोबर
कुणालाही न सांगता टॅक्सीने घरी आले. रविकांत चिडेल — चिडू दे.
वाफ्यांवर पांढरं पडलंय. पहिला फ्रॉस्ट. खड्डा तसाच, पण आता आत उतरायला पायऱ्या कापल्यात. चार.
काठावर बसून मोठ्याने म्हटलं, त्या पोरीला सोड. मी आलेय.

११.४०
ऊर्मीचा फोन. रडत होती, हसत होती. ताप उतरला, साक्षी खायला मागतेय. आणि झोपाळ्याखाली गवत आहे — नुसतं गवत —

११.५५
रविकांतचा फोन. गाडीत आहे, वीस मिनिटांत पोचतो म्हणाला. तिथून लांब हो, जयंती, आधी लांब हो.
होते. उठतेच आहे. पण काठ — काठ डोक्याच्या वर कसा — मी तर बसलेच होते, उतरले कधी —
पायऱ्या आहेत. त्यांनी वर जाईन. एक, दोन, तीन, चार, पाच — चारच होत्या ना — सात, आ