नुसती जाळी

आप्पा, आज मला तुमचा खरोखर राग आलाय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर भांडायला बसणं बरं दिसत नाही. पण सकाळी गाडीच्या टेपचा आवाज सुधारून घ्यायला शिरूरला गेलो, आणि तिथं तुम्ही उघडे पडलात. मग भांडू कुणाशी?

गाडी दौंडच्या मामांचीच. त्यांना आता कमी दिसतं, म्हणून मला दिली. मांडवगणला आपल्या दारात ती उभी राहिली की तुम्ही पाहुण्यांना एकेक करून पुढच्या सीटवर बसवायचात आणि आरशाजवळची बारीक भोकांची गोल जाळी दाखवायचात. "ही दारं आमच्या कंपनीत व्हत्यात. जाळी म्या बसवतो. बारीक आवाज हितून येतो. टाळ ऐका, टाळ!" पाहुणे कान लावायचे. मामा म्हणायचे, "दाजी, काय क्लिअर येतोय!" मावशीलाही यायचा. सहावीतल्या मला मात्र येत नव्हता. सगळा आवाज खालून दारातून, गोधडीत गुंडाळल्यासारखा. मी तसं बोललो, तर तुम्ही चारचौघांत म्हणालात, "ह्याचं कानच फुटल्यात."

नुसतं बोलून थांबला नाहीत. रजा टाकून मला शिरूरच्या डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी पिचकारीनं कान धुतले आणि सांगितलं, थोडा मळ होता, कान उत्तम आहेत. पुढच्या वेळी मामा आले तेव्हा मला पुन्हा गाडीत बसवलंत. "आता येतोय का?" मी तुमच्या तोंडाकडे बघतोय. मागं सगळे उभे आहेत. "येतोय, आप्पा." तुम्ही खूश होऊन मला भेळ आणलीत.

तेव्हा मी भजनी मंडळाच्या मास्तरांकडे पेटी शिकत होतो. ते म्हणायचे, पोराला कान आहे. मी मनात म्हणायचो, यांना काय माहीत! सगळ्यांना येतो तो आवाज मला येत नाही, मग सूर तरी बरोबर लागतोय कशावरून? हळूहळू पेटी सुटली. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की का सोडलीस.

आज दुकानदारानं दाराचं पॅनेल काढलं. पत्रा थरथरून आवाज फाटत होता, म्हणून त्याला आतून जाड शीट चिकटवली. मग आरशाजवळचा तो तुकडा उपसून माझ्या हातात ठेवला. "भाऊ, मागं कायच न्हाई. टॉप मॉडेलला बारका स्पीकर आसतोय, ट्विटर. ह्याला नुसती जाळी. वायरबी सोडलेली न्हाई." मी जाळी डोळ्यासमोर धरली. पलीकडचं दुकान दिसत होतं.

तिथूनच मामांना फोन लावला. मामा काय म्हणाले माहितीये? "आरं, दाजींला ठावं व्हतं की. त्यांनीच तर बसवली. मलाबी मागनं सांगितलं त्यांनी. पर पाव्हण्यांत कसं म्हणायचं, का दिसभर म्या पोकळीवर जाळ्या बसवतो म्हणून?"

ते मला कळतं, आप्पा. पाहुण्यांपुढची तुमची लाज मला कळते, मीही कंपनीतच जातो. पण तुमची लाज झाकायला माझे कान धुवायचे? डॉक्टरांकडून परत येताना एसटीत आपण दोघंच शेजारी होतो. तिथं कुठला पाहुणा होता? हळूच सांगितलं असतंत, तरी मी कुणापाशी बोललो नसतो. उलट मला तुमचं गुपित राखायला मिळालं म्हणून मिरवलो असतो. मामांना सांगितलंत आणि मला नाही, याची चीड येते. कंपनीनं लोकांना फसवलं ते फसवलं, तुम्ही घरच्या पोराला फसवलंत.

आता जाळीमागं खरे ट्विटर बसलेत. घरी येऊन भजन लावलं. टाळ स्वच्छ वाजत होते, अगदी तुम्ही सांगायचात तिथूनच.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, तेव्हा एवढं कबूल करतो. टाळ मला स्पष्ट ऐकू येत होते. तरी मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून आणलं, शेजारी बसवलं आणि विचारलं, "तुलाबी येतोय ना?"