माझ्याच प्लेटमधल्या पेशी का मरतात

२ जून, सकाळी ७
स्पर्मिडीनची बाटली आली. विभागात कुणाला सांगायचं नाही. बाटलीवर चिठ्ठी लावली: 'मीठ, जुनं'.

अकरा वर्षं असिस्टंट प्रोफेसर आहे. आता बास. पॉलिअमाइन हा विषय चियांगमाईत कुणी नीट हाताळलेला नाही. चिमुकले रेणू, पण प्रत्येक जिवंत पेशीत असतात, डीएनएला बिलगून बसतात. कॅन्सरच्या पेशी ते अधाशासारखे साठवतात. म्हाताऱ्या पेशींत ते आटत जातात. स्पर्मिडीन त्यातलंच एक. म्हाताऱ्या पेशींना ते वरून पाजलं की त्या आतला कचरा साफ करून तरतरीत होणार. ऑगस्टपर्यंत पेपर.

स्वतःवरही प्रयोग: सासूबाईंच्या हातच्या थुआनाओच्या रोज दोन चकत्या. त्या आंबवलेल्या, उग्र वासाच्या सोयाबीनमध्ये हेच भरपूर असतं. बायको म्हणाली, निघण्याआधी दात घासत जा.

५ जून
म्हाताऱ्या माणसाच्या त्वचेच्या पेशी. सहा प्लेट. तीन औषधाच्या, तीन बिनऔषधाच्या, म्हणजे कोऱ्या. पेशी नेहमीप्रमाणे बुआखामताईंनी वाढवून दिल्या. ताई या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून एकतीस वर्षं आहेत. मी विद्यार्थी असताना पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं. हे त्या जरा जास्तच लोकांना सांगतात.

६ जून
औषधाच्या तिन्ही प्लेटमधल्या पेशी मेल्या. ताई मायक्रोस्कोपमधून पाहून एवढंच म्हणाल्या, "गेल्या, थाविनसर." कोऱ्या तिन्ही ठणठणीत.

इनक्युबेटर आम्ही आणि शेजारच्या लॅबच्या डॉ. सिरिवान मिळून वापरतो. बाई दोन वर्षांपूर्वी जपानहून आल्या. हसतात फार. नोंद करून ठेवतो.

१० जून
पुन्हा तेच. शांत डोक्याने विचार केला. अपघात असता तर सहाही प्लेट गेल्या असत्या. ज्यांत मी औषध घालतो नेमक्या त्याच जातात. म्हणजे करणाऱ्याला माझ्या प्लेट ओळखता येतात.

११ जून
कँटीनमध्ये सिरिवानबाई समोरच येऊन बसल्या. नूडल्स खाता खाता, अगदी सहज सुचल्यासारखं: "सर, पेशींच्या खुराकात सीरम कुठलं घालता? गाईचंच का?" मी म्हणालो, नेहमीचं. "मग जरा..." असं काहीतरी सुरू केलं त्यांनी. मी मीटिंग आहे म्हणून उठलो. नूडल्स अर्धे राहिले. माझी कृती काढून घ्यायला आल्या होत्या. मीही अकरा वर्षं उगीच नाही काढलेली.

१७ जून
सापळा. चिठ्ठ्या उलट्या लावल्या. औषधाच्या प्लेटवर 'कोरी', कोऱ्यांवर 'औषध'. आता शत्रू कोऱ्या मारणार आणि सापडणार. लावताना खोलीत फक्त ताई होत्या, काचसामान धूत.

१८ जून
'कोरी' लिहिलेल्या मेल्या. म्हणजे औषधाच्याच. म्हणजे चिठ्ठ्या बदलल्याचं शत्रूला कळलं होतं. खोलीत फक्त ताई होत्या.

जेवण गेलं नाही. सुपिनला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, औषधानेच मरत असतील." बायकोला विज्ञान समजावण्यात अर्धा तास गेला.

२३ जून
विभागप्रमुखांना भेटलो. कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त म्हणालो, एकाच माणसाने एकाच खोलीत एकतीस वर्षं काढणं लॅबच्या तब्येतीला बरं नाही. ते म्हणाले, "बुआखामताई? त्यांना रिटायर व्हायला दोनच वर्षं राहिलीत." मी गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

१ जुलै
ताईंची बदली उंदीरघरात. निरोप घ्यायला आल्या. पेशींची वही माझ्या हातात दिली. "चौथ्या टाकीतल्या गोठवलेल्या नाजूक आहेत सर, वितळवताना कोमट पाण्यात फार वेळ ठेवू नका." मी म्हणालो, बघतो. त्या गेल्यावर वही चाळली. संशयास्पद काही नाही. इतकं स्वच्छ अक्षर हेच मुळात संशयास्पद.

४ जुलै
सगळं स्वतः केलं. किल्ली गळ्यात. इनक्युबेटरच्या दाराला डोक्यावरच्या उरलेल्यांतला एक केस चिकटवला; कुणी उघडलं तर कळेल. खर्च परवडणारा नाही, पण विज्ञानासाठी.

५ जुलै
केस जागेवर. पेशी मेलेल्या.
दुपारी पुन्हा पाहिलं. मेलेल्याच.
पाणी तपासायला पाठवलं.

१२ जुलै
पाणी उत्तम.

२१ जुलै
सिरिवानबाईंचं भाषण. मागच्या रांगेत बसलो. त्या म्हणाल्या, गाईच्या सीरममध्ये एक एन्झाइम असतं. ते स्पर्मिडीन फोडतं आणि त्यातून विष तयार होतं. त्या विषाने पेशी मरतात. ॲमिनोग्वानिडीन घालून एन्झाइम अडवलं की मरणं थांबतं. "ही गोष्ट कित्येक दशकं माहीत आहे, तरी कुणी ना कुणी अडकतंच." लोक हसले. बाई माझ्याकडे बघत होत्या का, सांगता येत नाही. मी वाकून बुटाची नाडी बांधत होतो. पायात चपला होत्या.

२४ जुलै
ॲमिनोग्वानिडीन घातलं. सगळ्या जिवंत.

३१ जुलै
मोजणी पुरी. औषधाच्या आणि कोऱ्या, काडीचा फरक नाही. तरतरी नाही, काही नाही. पेपर पुढच्या वर्षी. चकत्या बंद.

३ ऑगस्ट
दुपारी उंदीरघरात गेलो. लिचीसारखी लाँगनची फळं घेतली होती. वाक्य गाडीवरच पाठ केलं: "ताई, माझी चूक झाली. परत या."

ताई पिंजऱ्यांत भुसा घालत होत्या. मला बघून हात पुसले. पेशी कशा आहेत, विचारलं. जिवंत आहेत, म्हणालो. कशाने मरत होत्या तेही सांगितलं. "बरं झालं सापडलं," म्हणाल्या. मी सुरुवात केली, "ताई, ती बदली..."

त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात, तिसरा मजला चढवत नाही, म्हणून थाविनसरांनीच शब्द टाकून मला खाली आणवलं. मी सगळ्यांना असंच सांगितलंय. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगा."

मग फळं सोलून माझ्यासमोर ठेवली. चार खाल्ली. पाठ केलेलं वाक्य आठवत होतं, पण तोंड भरलेलं होतं. निघताना विचारलं, गुडघे खरंच दुखतात का.
"नाही," म्हणाल्या.

संध्याकाळी सुपिनने विचारलं, बुआखामताई तिकडे का गेल्या हो?
मी म्हणालो, गुडघे.