पोटात साबूत राहिलेलं

बाबा,

आज एका माशाचं पोट फाडलं आणि तुमची आठवण आली. रागावू नका. समुद्राकाठच्या या शहरात माझी नोकरीच ती आहे, मासे काय खातात ते पाहायची. हा मासा खोल समुद्रातला, जवळजवळ माझ्याच उंचीचा. पाठीवर शिडासारखा उभा पर, तोंडात कुत्र्यासारखे सुळे आणि अंग मात्र लिबलिबीत. दिसेल ते गिळतो, पण पचवायची घाई नाही. पोटातून सगळं साबूत निघालं. माखल्या, कोळंबी आणि त्याच्याच जातीचं एक पिल्लू, डोळ्यांसकट.

मी शाळेत होते तेव्हा तुम्ही सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. पुंजका दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा पाहायचा आणि प्रत सांगायची. त्या वर्षांत बाजारात भाव पडलेले, म्हणून केंद्रावर बैलगाड्या फाटकापासून पार केळापूरच्या रस्त्यापर्यंत उभ्या. एकदा मी तुमचा डबा घेऊन येते तर नेमकी काकांची गाडी पुढे. तुम्ही कोपरापर्यंत हात आत घालता. आतला कापूस ओला निघतो.

"दादा, माह्याच गाडीले काहून?" काका म्हणाले.

तुम्ही सख्ख्या भावाकडे पाहिलंही नाही. "ओला आहे. वाळवून आण," एवढं बोलून पुढच्या गाडीकडे गेलात.

त्यानंतरच्या पोळ्याला काकांचे बैल आपल्या दारी आले नाहीत. दरवर्षी पूजेला आधी आपल्याकडेच यायचे. आईनं त्यांच्यासाठी पुरणपोळ्या ताटात काढून ठेवलेल्या, आणि तुम्ही दिवेलागणीपर्यंत ओट्यावर. गल्लीत दुसऱ्या कुणाची घुंगरं वाजली की मान वर करायचात. मग आत आलात आणि बैलांच्या वाट्याच्या त्या गार पोळ्या एकेक करून खाल्ल्यात.

"काय झालं जी?" आईनं विचारलं.

"काई नाई."

बैल पुढे कधीच आले नाहीत. तुम्ही गेलात, तोवर त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. मला तुमचा फार राग यायचा.

इथे आपलं बोलणारं कुणी नाही. खोलीवर येते, भात टाकते, खाते. काल आईचा फोन आला. "तुहा आवाज असा काहून येऊन राह्यला? काय झालं?"

"काई नाई," मी म्हटलं.

आई म्हणाली, "बापावरच गेली तू."

हे पत्र टाकणार कुठे? तरी तिला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. बाबा, मले इथं करमत नाही.