गौरी वर आली

बुधवार, ९ एप्रिल २०२५. सकाळी ६.१०
तळ्याच्या कडेला उकिडवा बसून माशांना कणकेच्या गोळ्या टाकताना ही वही उघडली. आकारामकाका आणि रंगूकाकू काल सांगलीला गेले. काकूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. कोयनानगरचं घर आणि अंगणातलं तळं आता माझ्याकडे. जाताना काकू म्हणाली, शिवा, पट्टी निघाली की घरी यून पहिली गौरीच बघायची हाय, इतकी वर्सं पोसली पर तिचा रंग काय धड दिसला न्हाई. गौरी म्हणजे सर्वांत मोठी मासळी. मी म्हणालो, तळं आरशासारखं ठेवीन.
बारावी अर्धी सोडली, शिस्त सोडलेली नाही.

गुरुवार, १० एप्रिल
शेजारचे ज्योतिबातात्या आले. सदुसष्टच्या भूकंपात पाच वर्षांचे होते. म्हणाले, गड्या, मानसाला कळत न्हाई, जनावराला आदी कळतं, आमची म्हस आदल्या सांजंला दावं तोडून पळाली. मी हसलो. तात्या गेल्यावर हसू आलं नाही.
संध्याकाळी तळ्याची मोटर बंद केली. ती पाणी सतत खेळवते. पाणी आधीच हलत असेल तर जमीन हललेली कळणार कशी? वीजही वाचते.

शनिवार, १२ एप्रिल. पहाटे ५.४०
सगळे मासे वर आलेत. तोंडं बाहेर काढून आ-आ करतात. गौरी सर्वांत पुढे. घाईत लिहितोय, पण शुद्धलेखन सोडणार नाही.
भूकंप.

त्याच दिवशी, दुपारी
सगळी आळी उठवून मैदानात नेली. नऊपर्यंत काही नाही. एक शेजारीण म्हणाली, माझं दूध उतू गेलं त्ये तुजं मासं भरून देनार काय रं? तात्यांची आताची म्हैस निवांत रवंथ करत होती. मासे म्हशीपेक्षा हुशार असणार.

रविवार, १३ एप्रिल
पुन्हा वर. धीर यावा म्हणून दुप्पट कणीक टाकली. कोणी खाल्ली नाही. भीतीने भूक मेली. माझीही. ताडपत्री आणून अंगणात झोपतो, पायात चप्पल घालून. पाणी हिरवं होत चाललंय. जमिनीखालून काहीतरी सुटत असावं.
काकांचा फोन. पट्टी निघाली, मंगळवारी येतात. मागून काकू ओरडली, गौरी कशी हाय? म्हटलं, रोज पहाटे वर येते, तुझी वाट बघते.

सोमवार, १४ एप्रिल
माशाचं एक पिल्लू मेलं. जास्वंदीखाली पुरलं. भूकंपाचा पहिला बळी.

मंगळवार, १५ एप्रिल
काकू भर दुपारी एसटीतून उतरली ती थेट तळ्याकडे. मासे पहाटे वर असतात, ऊन चढलं की खाली जातात. वाकली. काळा चष्मा काढला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाली, शिवा, लांबचं समदं दिसतंय, पर खाली बघितलं की हिरवाच पडदा. गौरी कुटं हाय रं? तू तर तळं आरशावानी ठेवलंस. म्हंजी माजाच डोळा गेला.
मी म्हणालो, थेंब घाल, दिसेल.
ती कठड्याला धरून खाली बसली. काका डॉक्टरांना फोन लावू लागले, आत्ताच्या आत्ता सांगलीला परत जाऊ म्हणाले. काकू डोळ्यापुढे हात धरून बोटं मोजू लागली. इतकी भीती मला मैदानातही वाटली नव्हती. सांगून टाकलं. डोळा चांगला आहे, पाणीच हिरवं आहे.
काकांनी मोटरची काढून ठेवलेली पिन बघितली. का बंद, ते मी सांगितलं. म्हणाले, मोटर बंद म्हंजी पान्यातली हवा बंद, जीव गुदमरत हुता रं त्यांचा, भूकंप कसला काडलास! काकू म्हणाली, मुडद्या, आंदळी झाले आसं वाटलं की मला. आणि रडता रडता हसली.

बुधवार, १६ एप्रिल
मोटर चालू. पाणी थोडं थोडं बदलतोय. आज पहाटेही मासे खालीच राहिले, गौरीही. पाणी निवळेपर्यंत ती दिसणार नाही. काकू चष्मा लावून काठावर बसून आहे, माझ्याशी बोलते, पण माझ्याकडे बघत नाही.
आज घरात झोपेन. चप्पल घालूनच.
खर्च: ताडपत्री, रुपये २८०.
देणे: शेजारणीला अर्धा लिटर दूध. काकूला एक पिल्लू, आणि गौरीचा रंग.