कळव्याचा पत्ता

६ जानेवारी १९५७, रविवार
नवी वही. वर्षाचे पहिले पाच दिवस ट्रायल धरले आहेत. ठाण्याच्या डॉक्टरांनी काल पोट दाबून पाहिलं आणि लिव्हरबद्दल नको तितकं बोलले. म्हणाले, माझ्याकडे यावर औषध नाही. कळव्याला दारू सोडलेली पाच-सहा माणसं दर रविवारी नऊला जमतात, एकमेकांना धरून ठेवतात, तिथे जा. चिठ्ठीवर पत्ताही लिहून दिला.
वास्तविक मी दारू पीत नाही. दारूबंदी आहे आणि मी हेडक्लार्क आहे. मी टॉनिक घेतो. त्यात अल्कोहोल असतं, याला मी काय करणार?
तरी बायकोच्या, सुमेधाच्या, समाधानासाठी जाईन. आज उशीर झाला.

१३ जानेवारी, रविवार
डोंबिवलीहून वेळेत निघून कळव्याला पोचलो. पत्ता सापडला नाही. 'मिठागराची वाट, काळुरामची ओटी.' हा काय पत्ता झाला? शिवाय लोकांना विचारायचं तरी काय म्हणून? एका बाईला विचारलं, इथे कोऑपरेटिव्ह सोसायटीची मीटिंग कुठे भरते. तिने मला नीट पाहून घेतलं आणि एका ओटीकडे बोट केलं. तिथे पाच-सहाजण चहा पीत हसत होते. दारू सोडलेली माणसं हसणार कशाला? चुकीचं घर. मागे फिरलो.
येताना कोलशेतला एका टॉनिकवाल्याकडे टेकलो. वाट उलटी पडली, पण उन्हाने फार थकलेलो. सुमेधाला सांगितलं, मीटिंग उत्तम झाली.

२० जानेवारी, रविवार
निवडणुकीचे लाउडस्पीकर सकाळपासून चालू. अशात मन एकाग्र होत नाही. गेलो नाही.
सुमेधाने विचारलं, तिथे काय बोलतात. म्हटलं, विलपॉवरबद्दल. कोण कोण असतं, विचारलं. म्हटलं, नावं गुप्त असतात. ती तांदूळ निवडत राहिली.

२२ जानेवारी, ऑफिस
महिपत, आमचा शिपाई, फाइल ठेवताना हळूच म्हणाला, "साहेब, त्या रविवारी तुम्ही ओटीपर्यंत येऊन परत गेलात. मी हाक मारणार होतो."
म्हणजे घर बरोबर होतं. आणि तिथे माझाच शिपाई बसतो! त्याला शाई आणायला पिटाळलं.
त्या मंडळींची लेव्हल कळली. डोंबिवलीत सुशिक्षितांसाठी वेगळं मंडळ हवं. लंच-टाइममध्ये घटना लिहून काढली. कलमं सतरा. अध्यक्ष अर्थातच मी.

२७ जानेवारी, रविवार
मंडळाची पहिली सभा, आमच्याच घरी, सकाळी दहाला. वाचनालयाच्या फळ्यावर 'आरोग्यविषयक व्याख्यान' अशी नोटीस लावलेली. एक निवृत्त मास्तर आले, मधुमेहावर काही आहे का विचारून गेले. उरली सुमेधा. खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "आज सकाळी किती घेतलीत?"
अध्यक्षांनी प्रश्न नियमबाह्य ठरवला.
ती म्हणाली, येत्या रविवारी कळव्याला गेला नाहीत, तर मी खडवलीला भावाकडे जाईन. मागच्यासारखी आठ दिवसांत परत येणार नाही. सभा बरखास्त.

३ फेब्रुवारी, रविवार
गेलो. चार पानांचं भाषण तयार होतं. आवाज मोकळा व्हावा म्हणून निघताना टॉनिकचा एकच डोस घेतला. दोन असतील.
काळुराम म्हणजे मिठागरावरचा उघडाबंब म्हातारा. त्याने वास ओळखला असावा, पण काही न बोलता घोंगडीवर जागा करून दिली. एकेकजण आपले दिवस सांगत होता. महिपतचे दोनशे अकरा. धाकटी मुलगी आता त्याच्या ताटात जेवते, एवढं सांगून त्याने मान खाली घातली. माझी पाळी आली. 'मित्रहो' म्हटलं आणि पुढचं काही आठवेना. कागद खिशात होता, हाताला सापडेना. शेवटी म्हटलं, "उद्यापासून."
काळुराम म्हणाला, "उद्याचं आमी मोजत नाय, सायेब. बसा. चाय घ्या."
कपबशी हातात वाजायला लागली. महिपतने पुढे होऊन कप धरला आणि मला चहा पाजला. सगळ्यांसमोर. लहान मुलाला पाजतात तसा.

६ फेब्रुवारी, ऑफिस
महिपतची बदली कसाऱ्याला करावी अशी शिफारस वर पाठवली. कारण: वरिष्ठांशी सलगी. यात वैयक्तिक काही नाही. शिस्त ती शिस्त.

९ फेब्रुवारी, शनिवार
बदलीवर सही झाली. सुमेधाला सांगितलं. वाटलं, निदान माझा ठामपणा तिला दिसेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ट्रंक भरली. दाराशी थांबून म्हणाली, "दारूचं मी अजूनही सोसलं असतं. हे नाही."
घरात शांतता आहे. वाचन होईल.

१० फेब्रुवारी, रविवार, दुपार
वाचन झालं नाही. बाराच्या सुमारास कडी वाजली. फटीतून पाहिलं तर काळुराम, डोक्याला टॉवेल बांधून. कळव्याहून आलेला. महिपतने पत्ता दिला असणार. बदली होऊनही!
मी आवाज जाड करून आतूनच सांगितलं, "साहेब घरी नाहीत."
मग पायरीवर बसल्याचा आवाज आला. बराच वेळ बसला. मी दाराला पाठ लावून उभा. खोकला आलेला, तोही दाबला. शेवटी उठला आणि म्हणाला, "बरं. सायेब आले की सांगा, काळुराम येऊन गेला. पुढच्या रविवारी न्यायला येतो. तवर पानी पीत राव्हा. आनि कायतरी खाऊन घ्या."
पावलं लांब गेल्यावरच हललो. आवाज मी चांगला बदलला होता, त्याने ओळखला असणं शक्य नाही.
पण मग खाऊन घ्या, हे तो कुणाला म्हणाला?